कॅलरी मोजूनही वजन हलत नाही? आधी वाण्याचं बिल काढा

तक्रार दर महिन्याला तीच असते, फक्त माणूस बदलतो. पहिल्या दोन आठवड्यांत दीड-दोन किलो उतरतात, घरात कौतुक होतं, आणि मग काटा जो बसतो तो उठायचं नाव घेत नाही. मोबाइलमधल्या कॅलरी मोजणाऱ्या ॲपच्या डायरीत मात्र रोजचा आकडा हिरवागार. "मी टार्गेटच्या आतच खाते हो, तरी वजन का हलत नाही?" नाशकात इंदिरानगरच्या आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर, गोल्फ क्लबच्या ट्रॅकवर, अंबडच्या कंपन्यांच्या कँटीनमध्ये हा प्रश्न फिरत असतो आणि त्याला ठरलेली तीन उत्तरं मिळतात. थायरॉइड तपासून घे. भात बंद कर. टार्गेट अजून दोनशेनं खाली आण.

यातला तिसरा सल्ला सगळ्यात जास्त पाळला जातो आणि त्यानंच सगळ्यात जास्त माणसं कंटाळून डायरी बंद करतात. चुकीच्या नोंदीवर टार्गेट कमी केलं की नोंद चुकीचीच राहते, वर भूक वाढते. म्हणून आकड्याला हात लावायच्या आधी नोंद तपासायची. आणि नोंद तपासायचा सगळ्यात खात्रीचा कागद ॲपमध्ये सापडत नाही, तो वाण्याकडे असतो. त्याकडे येतेच, पण त्याआधी दोन गोष्टी.

पहिली गोष्ट, सुरुवातीचे ते दीड-दोन किलो. त्यात चरबी थोडी आणि पाणी फार. शरीर साखरेचा साठा ग्लायकोजेनच्या रूपात ठेवतं आणि एक ग्रॅम ग्लायकोजेनबरोबर साधारण तीन ग्रॅम पाणी धरलेलं असतं. खाणं कमी केलं, मीठ कमी झालं, की आधी हे पाणी निघून जातं. त्यामुळे तिसऱ्या आठवड्यात वेग मंदावणं हा बिघाड धरू नका. एक किलो चरबी म्हणजे ढोबळमानाने ७७०० कॅलरी. रोज ४०० ची तूट ठेवली तर आठवड्याला २८००, म्हणजे साडेतीनशे ग्रॅमच्या आसपास. ज्याला दर आठवड्याला किलो हवा आहे त्याचं वजन "हलत नाही" असं त्याला वाटणारच.

दुसरी गोष्ट, टार्गेट आलं कुठून?

बरीचशी ॲप मिफ्लिन-सेंट जिओर नावाचं १९९० सालचं सूत्र वापरतात. किलोतलं वजन गुणिले १०, त्यात सेंटिमीटरमधली उंची गुणिले ६.२५ मिळवायची, वय गुणिले ५ वजा करायचं. मग बाई असेल तर १६१ वजा, पुरुष असेल तर ५ अधिक. अडतीस वर्षांची, १५८ सेंटिमीटर उंचीची, ७२ किलोची बाई घ्या. उत्तर १३५७ च्या जवळ येतं. ही झाली नुसतं पडून राहिलं तरी लागणारी ऊर्जा. याला हालचालीच्या आकड्यानं गुणायचं: बैठ्या दिवसाला १.२, थोड्या हालचालीला १.३७५, मध्यम हालचालीला १.५५.

गफलत होते ती इथे. सकाळी थोडं चालतो, घरातलं सगळं आपणच उरकतो, मग आपण "मध्यम" नाही तर कोण? टिचकी मारली जाते. १.५५ नं गुणून रोजची गरज येते २१००, त्यातून ॲप ५०० कापतं आणि हातात देतं १६००. तिचा उरलेला दिवस बँकेच्या खुर्चीत जात असेल तर खरी गरज १.२ च्या हिशोबानं १६३० आहे. म्हणजे वजन जिथल्या तिथे राहील तोच आकडा तिला वजन कमी करायचा म्हणून मिळाला, आणि ती तो इमानेइतबारे पाळते आहे. सूत्र स्वतःच माणसागणिक दहा टक्के इकडेतिकडे होऊ शकतं, त्यात ही भर.

माझा सल्ला: सुरुवातीला सगळ्यात खालचा आकडा निवडा, त्यातून ३५० ते ४०० वजा करा आणि तीन-चार आठवडे त्यावर राहा. ७२ किलोच्या त्या बाईला १२५० च्या आसपास मिळतील. दिवसभर पायावर असाल तर वजन अपेक्षेपेक्षा भराभर उतरेल, मग वाढवून घ्या. हातावरच्या घड्याळानं दाखवलेल्या "जाळलेल्या" कॅलरी परत खायच्या नाहीत. सत्तर किलोचा माणूस बऱ्यापैकी वेगानं तासभर चालला तर २४५ च्या आसपास खर्च होतात खरे, पण त्यातल्या सत्तरेक तो घरी बसला असता तरी लागल्याच असत्या आणि त्या टार्गेटमध्ये आधीच धरलेल्या आहेत. उरलेल्या पावणेदोनशेची वाट ट्रॅकबाहेरच्या पोह्यांच्या एका प्लेटमध्ये लागते.

आता वाण्याचं बिल

डायरीत काय लिहिलं यापेक्षा घरात काय आलं आणि संपलं, हे पुराव्यानिशी सांगणारा कागद म्हणजे महिन्याची किराण्याची यादी. ताटातली पोळी, भाजी, भात आपण बघून लिहितो. तेल, साखर, शेंगदाणे आणि तूप दिसत नाहीत, ते फोडणीत, चहात आणि कुटात विरघळून गेलेले असतात. नेमक्या याच चार गोष्टी सगळ्यात जड आहेत. तेलाच्या एका ग्रॅमला ९ कॅलरी, शेंगदाण्याच्या शंभर ग्रॅमला साडेपाचशेच्या वर.

चार माणसांचं घर धरा. महिन्याला चार लिटर तेल, तीन किलो साखर, दोन किलो शेंगदाणे, अर्धा किलो तूप. आपल्याकडे ही यादी काही उधळी म्हणता येणार नाही. एक लिटर तेल भरतं ९१० ग्रॅम; पिशवीवर ग्रॅम छापलेले असतात, ते बघून घ्या, कारण हल्ली सगळ्याच पिशव्या पूर्ण लिटरच्या नसतात. चार लिटर म्हणजे ३६४० ग्रॅम. चार माणसं, तीस दिवस, म्हणजे १२० नं भागा. माणशी रोज तीस ग्रॅम तेल, २७० कॅलरी. साखर पंचवीस ग्रॅम, १०० कॅलरी. दाणे सोळा-सतरा ग्रॅम, ९५ कॅलरी. तूप चार ग्रॅम, ३७ कॅलरी. बेरीज पाचशेच्या घरात.

आता डायरी उघडा आणि या चार गोष्टींची आठवड्याची सरासरी काढा. ज्यांनी ज्यांनी मला डायरी दाखवली त्यांच्याकडे ती शंभर-सव्वाशेच्या पुढे क्वचितच गेली होती. म्हणजे पावणेचारशे-चारशे कॅलरी रोज घरात येतात, पोटात जातात आणि कुठेच लिहिल्या जात नाहीत. डायरीत १२५०, त्यात या मिळवल्या की १६३०. वर त्या बाईची गरज किती काढली होती ते बघा. वजन जागच्या जागी राहण्यात गूढ काही उरत नाही.

हिशोब अर्थातच ढोबळ आहे. मुलं कमी-जास्त खातात, पाहुणे येतात, दिवाळीच्या महिन्यात तळणीचं तेल उरतं ते टाकून दिलं तर वजा करायला हवं. घरात एकटेच डब्यावर असाल तर ही पद्धत चालायची नाही. पण तुमची डायरी आणि बिल यांत तिप्पट-चौपट फरक निघाला तर तो पाहुण्यांच्या माथी मारता येत नाही.

फरक कुठे पडतो हे एकदा ओट्यापाशी उभं राहून बघण्यासारखं आहे. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा लागतो, ग्रॅममध्ये दाखवणारा. रिकामी कढई काट्यावर ठेवा, शून्य करा आणि जो रोज स्वयंपाक करतो त्याला सांगा, नेहमीसारखं तेल घाल. काट्याकडे बघू नको, हात जाईल तसं घाल. शेजारच्या एका वहिनींनी फ्लॉवर-बटाट्याच्या भाजीला असं तेल घातलं. बरणीतली पळी दोनदा बुडाली, काटा ४४ वर थांबला. डायरीत त्या भाजीला "तेल १ चमचा" लिहिलेलं होतं, म्हणजे साडेचार ग्रॅम. ४४ ग्रॅम म्हणजे कढईत चारशे कॅलरी, चौघांत माणशी शंभर. डायरीत माणशी दहा. "अहो, पण तेल घातल्याशिवाय भाजी खाली लागते," हे त्यांचं म्हणणं रास्तच होतं. भाजी तशीच करा की, फक्त लिहा खरं. पुढच्या महिन्यात त्या घरात पळी गेली आणि पोह्याचा चमचा आला, तोही कुणी न सांगता.

रोज प्रत्येक गोष्ट मोजत बसायची गरज नाही. तेलाची बरणी सोमवारी सकाळी मोजा, पुढच्या सोमवारी मोजा, मधे ओतलेलं मिळवा, माणसांनी आणि सातानं भागा. तेवढे ग्रॅम रोज "तेल" म्हणून एकदाच लिहून टाका आणि भाजी, आमटी, पोळीचं तेल वेगळं धरू नका. साखरेच्या डब्याचंही तसंच. चहा दिवसातून चार वेळा होत असेल आणि दर कपात दोन चमचे पडत असतील तर नुसती साखरच दीडशे कॅलरींच्या आसपास जाते, दूध वेगळं. म्हशीचं घट्ट दूध आणि टोन्ड दूध यांतही फरक आहे. ॲपमध्ये "चहा, १ कप" अशी तयार नोंद असते तिच्यात कुणाचं दूध आहे देव जाणे.

कच्चं की शिजलेलं

दुसरी मोठी गळती इथली. शंभर ग्रॅम कच्च्या तांदळाला साडेतीनशे कॅलरी, शंभर ग्रॅम शिजलेल्या भाताला १३०. तांदूळ कच्चा मोजला आणि नोंद शिजलेल्या भाताची निवडली की दोनशेच्या वर कॅलरी नोंदीतून निसटतात. उलट झालं तर माणूस विनाकारण उपाशी राहतो. एक काहीतरी ठरवा. मला कच्चं मोजणं सोपं वाटतं, कारण कच्च्याचे आकडे भरवशाचे असतात; हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०१७ मध्ये काढलेले भारतीय अन्नघटकांचे तक्ते मुख्यतः कच्च्या पदार्थांचेच आहेत. सगळं कच्चं मोजून बेरीज करायची, पदार्थ शिजल्यावर भांड्यासकट वजन करून भांड्याचं वजन वजा करायचं आणि आपल्या वाटणीला किती टक्के आलं ते बघायचं. भांड्यांची रिकामी वजनं एकदाच मोजून फ्रिजवर चिकटवून ठेवा, कढई, कुकरचा डबा, पातेलं.

भाकरीचं मात्र आवर्जून सांगते. ॲपमध्ये "बाजरीची भाकरी १" अशी नोंद शंभर-सव्वाशे कॅलरींना सहज सापडते. ती भाकरी कुणी थापली होती मला माहीत नाही, निफाड-सिन्नरकडच्या घरात तरी नाही. आपल्याकडे एका भाकरीला सत्तर-ऐंशी ग्रॅम पीठ सहज लागतं, म्हणजे अडीचशे ते पावणेतीनशे. दोन भाकऱ्यांना तीनशेचा फरक! पोळीला उंडा मोजत असाल तर त्यात पाणीही असतं. ४५ ग्रॅमच्या उंड्यात पीठ २८ ग्रॅमच्या आसपास. पीठ मोजा, पोळ्या मोजा, भागा, झालं.

वाटीचाही असाच घोळ. ॲपची वाटी आणि आपली आमटीची वाटी यांची ओळखदेख नसते. पाणी भरून एकदा मोजून घ्या, दीडशे मिली आहे का अडीचशे.

रविवार

सोमवार ते शनिवार डायरी चोख आणि रविवारी कोरी, हे सर्रास दिसतं. नाशकात रविवार म्हणजे मिसळ. गंगापूर रोडला नाहीतर मखमलाबादकडे द्राक्षाच्या मळ्यात बसून खाल्ली तर आणखी बरी लागते, ते नाकारण्यात अर्थ नाही. माझा अंदाज सांगते: उसळ दीडशे, फरसाण पन्नास ग्रॅम धरलं तर २७०, तर्रीतलं तेल दोनशे, तीन पाव साडेतीनशे, तळलेला पापड आणि दही मिळून सव्वाशे. अकराशेच्या आसपास. रस्सा पुन्हा मागितला की तर्री पुन्हा येते. वर जिलबी घेतली तर शंभर ग्रॅमला साडेतीनशेच्या पुढे. संध्याकाळी बाहेर जेवण असेल तर त्या एका दिवसात गरजेच्या वर बाराशे-पंधराशे सहज जातात आणि सहा दिवसांत जमवलेल्या चोवीसशेच्या तुटीतला अर्ध्याहून जास्त भाग तिथेच संपतो.

उपाय म्हणून मिसळ बंद करू नका, ते टिकत नाही. टार्गेट दिवसाचं न ठेवता आठवड्याचं ठेवा: १२५० ऐवजी ८७५०. रविवारची नोंद अंदाजानं का होईना, पण लिहा, आणि अंदाज चढा ठेवा. फरसाण वेगळं मागवलं, तर्री बाजूला ठेवली आणि पाव दोनवर थांबवले तर तीनशे-चारशे वाचतात.

सोमवारी सकाळी काटा किलोभर वर दिसेल. घाबरू नका. ते मीठ आणि त्यानं धरून ठेवलेलं पाणी. एका रात्रीत किलोभर चरबी चढायला गरजेच्या वर ७७०० कॅलरी खाव्या लागतील आणि तेवढी मिसळ कुणी खात नाही. रोज सकाळी चहाच्या आधी, संडासाला जाऊन आल्यावर, त्याच फरशीवर काटा ठेवून वजन करा आणि आठवड्याची सरासरी मागच्या आठवड्याच्या सरासरीशी ताडून बघा. बायकांनी पाळीच्या आधीच्या आठवड्याची तुलना मागच्या महिन्याच्या त्याच आठवड्याशी करावी, नाहीतर दर महिन्याला एकदा उगीच डोक्याला ताप.

उपवासाच्या दिवशी डायरीत "फास्ट" लिहून मोकळं होणारे पुष्कळ आहेत. पाऊणशे ग्रॅम साबुदाणा, मूठभर दाण्याचं कूट, दोन चमचे तूप, थोडा बटाटा, एवढ्या खिचडीच्या साडेपाचशे होतात. भगरीबरोबर दाण्याची आमटी घेतलीत तर दाणे पुन्हा मोजायचे. श्रावणात वजन वाढतं त्यात नवल नाही. द्राक्षाच्या हंगामातही तेच: कुणाच्या तरी मळ्यातून क्रेट येतं, फळच आहे म्हणून लिहायचं राहतं. शंभर ग्रॅमला सत्तरच्या आत, पण टीव्हीपुढे बसून अर्धा किलो कधी संपतो कळत नाही. बेदाणा तर शंभर ग्रॅमला तीनशे.

सातपूर-अंबडला रात्रपाळी करणाऱ्यांची अडचण वेगळीच. ॲपचा दिवस रात्री बाराला उलटतो, त्यांचा दिवस सकाळी सातला संपतो. पाळी बदलते त्या आठवड्यात एका तारखेला नऊशे दिसतात, दुसऱ्या तारखेला बावीसशे. नऊशे बघून माणूस सकाळी घरी येऊन वडापाव खातो. उठल्यापासून झोपेपर्यंतचं सगळं एकाच तारखेखाली लिहा. घास खरंच किती वाजता खाल्ला याच्याशी ॲपला काही देणंघेणं नसतं.

हे सगळं करूनही काटा तिथेच असेल तर

आधी चार आठवडे खऱ्या नोंदीवर काढा. त्यातून तुमची स्वतःची गरज निघते आणि ती कोणत्याही सूत्रापेक्षा भरवशाची. रोजची सरासरी १५०० निघाली आणि वजन स्थिर राहिलं, तर तुमची गरज १५००, विषय संपला. त्यातून दोन-तीनशे कमी करायचे, तेही ठरावीक ठिकाणाहून: चहातली साखर, एक पळी तेल, संध्याकाळचा चिवडा. "थोडं थोडं सगळंच कमी" असं केलं की पुन्हा नोंद घसरते. डाळ, अंडी, दही, सोयाबीन यांना कात्री लावू नका. रोजच्या प्रथिनांची शिफारस दर किलो वजनामागे ०.८३ ग्रॅमची आहे आणि वजन उतरवताना थोडी जास्तच असलेली बरी, नाहीतर चरबीबरोबर स्नायूही जातात.

"मेटाबॉलिझम बंद पडला" हे कारण मात्र सहसा टिकत नाही. ७२ चे ६६ किलो झालात तर सूत्राप्रमाणे रोजची गरज सत्तरेक कॅलरींनी कमी होते. पाच-सहा किलो उतरले की टार्गेट नव्यानं काढा, पण सत्तर कॅलरींनी महिनाभर काटा अडत नाही, चमच्याऐवजी पळीनं अडतो.

बायकांनी १२०० आणि पुरुषांनी १५०० च्या खाली स्वतःच्या मनानं जाऊ नये. गरोदर असाल, बाळ अंगावर पीत असेल, किंवा मधुमेहासाठी इन्सुलिन अथवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असेल तर खाणं कमी करायच्या आधी डॉक्टरांशी बोला. औषध तेवढंच आणि जेवण कमी झालं की साखर धोकादायक खाली जाते. जेवणाचा विचार दिवसभर डोक्यातून जातच नसेल, एखादा घास जास्त खाल्ला म्हणून रात्रभर झोप लागत नसेल, तर मोजणं थांबवा. आणि चार आठवड्यांची खरी नोंद हातात असताना वजन स्थिर असेल, जोडीला थकवा, केस गळणं, पाळीची अनियमितता असेल, तर टीएसएच, म्हणजे थायरॉइडची रक्तचाचणी, जरूर करून घ्या. डॉक्टरांकडे जाताना ती नोंद आणि किराण्याची बिलं दोन्ही बरोबर न्या.